मोकलबाईंची तीन मिनिटं

मोकलबाईंशी सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलणं अवघड होतं. तिसरं मिनिट सरलं की बाई मान जराशी कलती करून विचारत, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" हे त्या आमच्या प्राचार्यांनाही विचारत आणि दारावर येणाऱ्या मासळीवालीलाही विचारत. नव्या माणसाला तो उद्धटपणा वाटे. जुन्या माणसांना ठाऊक होतं की बाईंची उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. तेव्हा कॉल तीन मिनिटांचा असे आणि पुढे बोलायचं तर ऑपरेटर मध्ये येऊन विचारी. एक्स्चेंज गेलं, तारा गेल्या, बाईंची तीन मिनिटं मात्र गेली नाहीत.

मी अलिबागकडच्या एका छोट्या कॉलेजात मराठी शिकवतो. बाई तिथे भाषा प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस म्हणून आल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. प्रयोगशाळा हे नाव मोठं होतं. प्रत्यक्षात एक खोली, सहा हेडफोन, त्यातले दोन मुके, आणि उंदरांनी वायर कुरतडलेला एक जुना कॉम्प्युटर. त्याचा माऊस चालत नसे. नवा मागवण्याचा अर्ज कार्यालयात फिरत होता, तोवर इलेक्ट्रॉनिक्सच्या मास्तरांनी बाईंना काळी खिडकी उघडून दिली आणि तिच्यात हुकूम टाइप करून आवाज कापायचा, जोडायचा, लहानमोठा करायचा एक प्रोग्राम शिकवला. चित्र नाही, बटण नाही, नुसत्या ओळी. माऊस आला तेव्हा बाईंनी तो खोक्यातून काढलासुद्धा नाही.

"हे आमच्या बोर्डासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "इकडून घ्यायचं, तिकडे जोडायचं, मध्ये काय करायचं ते नीट सांगायचं. चुकीचं सांगितलंत तर चुकीच्या घरी वाजणार. त्यात मशीनचा काय दोष?"

हुकमांची त्यांनी एक वही केली होती. दोनशे पानी, खाकी कव्हराची. डावीकडे हुकूम, उजवीकडे मराठीत अर्थ. 'ट्रिम: कुठून, आणि किती. कुठपर्यंत नव्हे!' त्या 'नव्हे'खाली दोन रेघा होत्या आणि त्या रेघांना मी कारण होतो. एका मुलाखतीतला दोन मिनिटं दहा सेकंदांपासून दोन चाळीसपर्यंतचा तुकडा मला हवा होता. मी चिठ्ठीवर दोनदहा, दोनचाळीस असे दोन आकडे लिहून दिले. अर्ध्या मिनिटाऐवजी मला दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं गुऱ्हाळ मिळालं, आणि तेही भर वर्गात. मी तक्रार करायला गेलो तर बाई शांतपणे म्हणाल्या, "मशीनला लांबी लागते. तुम्ही लिहिलंत तसंच केलं. आता आयुष्यात विसरणार नाही तुम्ही." विसरलो नाही हे खरं आहे.

बाई राहायच्या किहीमला, माडांच्या बनात, मुंबईकरांच्या बंगल्यांच्या मागच्या अंगाला. लग्न केलेलं नव्हतं. का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि विचारलं असतं तरी तीन मिनिटांत मावलं नसतं. मूळ घर पेणकडचं, मिठागरवाल्या आगरी लोकांचं. घर इतकं टापटीप की पायपुसण्यावर पाय ठेवायला संकोच वाटे. वापरलेला कप लगेच धुतला जाई, वाचलेला पेपर लगेच घडी होऊन रद्दीत. टेबल मोकळं असलं पाहिजे, हा बाईंचा धर्म होता. या धर्मानेच पुढे घात केला.

पण त्याआधीची एक गंमत. शेजारच्या बंगल्यात उतरलेला मुंबईचा एक संगीतवाला बाईंची कीर्ती ऐकून आला. त्याला लाट हवी होती. एकच, सुटी, गाण्यात वापरायला. बाईंनी किनाऱ्यावर रेकॉर्डर धरला, तासाभराच्या गाजेतून एक लाट शोधली, सात सेकंदांची, आणि दोन्ही टोकं मऊ करून त्याला दिली. तो खूश झाला. मग म्हणाला, "यात एक कावळा आहे. तेवढा काढता येईल?"

"येईल," बाई म्हणाल्या. "पण मग ती किहीमची राहणार नाही. बिनकावळ्याची हवी असेल तर दुसऱ्या गावाला जा."

ही गोष्ट बाई स्वतः कधी सांगत नसत, मीच सगळीकडे सांगत फिरे. एवढा कावळा सांभाळणाऱ्या बाईच्या हातून पुढची चूक व्हावी, याचं मला अजून नवल वाटतं. अर्थात त्या चुकीत निम्मा वाटा माझा आहे.

आगरी समाजात लग्न लावताना धवले गातात. गाणारी बाई ती धवलारीण. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं, आणि गाणं पुढे सरकेल तसं लग्न पुढे सरकतं. चौलच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एका गावात धर्मीआजी नावाची नामांकित धवलारीण होती. मी धवले गोळा करायला गेलो तेव्हा तिचं वय कोणालाच नक्की माहीत नव्हतं. घसा बसला होता तो कायमचा. खरखरीत बोलणं येई, सूर येत नसे. तिच्यामागे गावात दुसरी कोणी झाली नव्हती. पण पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्या मुलाने माणगावच्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणला होता आणि दार लावून घेऊन आईला एकटीला समोर बसवून तीन कॅसेटी भरल्या होत्या. मुलगा आता नव्हता, कॅसेटी होत्या. नातसून सुनंदाने त्या साडीच्या घडीतून काढून माझ्या हातात ठेवल्या.

"बारा दिवसांनी आमच्या रोशनीचं लगीन हाय," ती म्हणाली. रोशनी म्हणजे तिची मुलगी, आजीची पणती. "घरातली मानसं म्हनतान डीजे लावू, हलदीला पिक्चरची गानी लावू. आजी म्हनते, माझ्या पनतीची हलद माझ्या धवल्यानंच लागल, न्हायतर मी मांडवात बसनार न्हाय. तुमी तेवडं वाजंल असं करून द्या."

मी कॅसेटी बाईंकडे दिल्या आणि म्हणालो, "जरा साफसूफ करून द्या." एवढंच म्हणालो.

कॅसेटींना बुरशी धरली होती. बाईंनी कापसाने, स्पिरिटने एकेक चक्र पुसून त्या वाजवल्या. एकदा नीट वाजल्या. दुसऱ्यांदा लावल्या तर तिन्ही फिती यंत्राला चिकटून तुटल्या. पण एकदा वाजल्या होत्या, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये आला होता. बाईंनी आधी टेपची खरखर काढली. त्या प्रोग्रामला नुसत्या खरखरीचा एक तुकडा ऐकवला की तो ती ओळखून सगळीकडून उपसून काढतो. मग त्यांना दिसलं की ओळींच्या मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा आहेत. कुठे वीस सेकंद, कुठे मिनिट, कुठे त्याहून जास्त. आवाज नाही. खरखरही आता नाही. वहीत त्यावर हुकूम होता: शांतता आली की कापा. त्या एका हुकमात तिन्ही कॅसेटींच्या सहाही बाजूंवरच्या सगळ्या शांतता गेल्या. डिस्क भरत आली होती, टेबल मोकळं करायचं होतं, म्हणून बाईंनी मूळ फाइली पुसून टाकल्या. काळ्या खिडकीत कचऱ्याची टोपली नसते. तिथे पुसलं की पुसलं.

मी ऐकलं आणि म्हणालो, "वा! काय सलग झालंय." मास्तर माणूस, सलग झालं की खूश.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना आम्ही दोघं ते ऐकवायला गावात गेलो. सुनंदाने अंगणात खुर्ची टाकली, आजीला बसवलं. आजीचा आवाज सुरू झाला. तरुण, धारदार, तिचाच. सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. दोन ओळी झाल्या, तिसरी आली, चौथी आली. आजीची डोलणारी मान थांबली. पाचव्या ओळीला तिने काठी जमिनीवर आपटली.

"बंद कर त्ये."

सुनंदाने बंद केलं.

"मधलं कुठं गेलं?" आजी म्हणाली.

"मध्ये काही नव्हतं आजी," बाई म्हणाल्या. "रिकामं होतं."

"रिकामं?" आजी बाईंकडे बघत राहिली. "हलद कवा दलायची मंग? नारल कवा फोरायचा? पोरीला काय पलवून न्यायची हाय? माझ्या ल्येकानं मना एकटीला बसवली हुती, तरी मी रिकाम्या हातानं सगला करीत हुते. जात्याचं पाच फेरं व्हयस्तवर पुढची वल न्हाय म्हनायची. म्हनली तर धवला मोडला. यो मोडलेला धवला हाय."

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मांडवात हे धवले त्यांनी लहानपणी ऐकले होते, पण तिथे त्या जागांत बायकांचा कालवा असतो, जात्याची घरघर असते, बांगड्या वाजतात. शांतता कधी ऐकूच आलेली नव्हती. फितीवर ती एकटी पडली आणि बाईंना ती रद्दी वाटली.

"मूळ आहे ना तुमच्याकडे?" सुनंदाने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी पुसलं." 'आम्ही' म्हणाल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

परतताना मिनिडोर रिक्षात आम्ही मागच्या सीटवर होतो. चौल मागे पडल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये असताना मुंबईहून एक कॉल आला होता. इकडे एक माणूस. बोलणं सुरू झालं आणि लगेच गप. तिकडेही गप. मी मध्ये जाऊन विचारलं, बोलणं झालं का? उत्तर नाही. नियम होता, लाइन गप झाली की काढायची, दुसरे थांबलेले असतात. मी काढली. संध्याकाळी कळलं, त्याचा भाऊ गेला होता. वहिनीने तेवढं सांगितलं होतं, आणि दोघं नुसती फोन धरून होती."

"मग?"

"मग काय? नियम होता." त्या पुढे म्हणाल्या, "मिठागरवाल्याची मुलगी मी. कोंडीत पाणी भरून ठेवतात आणि त्याला हात लावत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं काही चाललेलं नाही. मीठ तेव्हाच धरतं. माझा बाप मला आगरात पळू द्यायचा नाही, पाणी हलेल म्हणून. आणि मी कात्री चालवली."

तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. त्यांनी वाढवायची का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज गावात जाऊ लागल्या. कॉलेजातून रजा घेतली. पहिल्या दिवशी त्या स्टॉपवॉच घेऊन आजीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, ह्या ओळीनंतर किती वेळ थांबायचं? हाताने सांगा, मी मोजते."

"तसं कलत न्हाय," आजी म्हणाली. "काम केल्याबिगर कसं कलनार? जातं काढ."

जातं निघालं. सुनंदा पुढे झाली तर आजीने काठी आडवी घातली. "तू न्हाय. जिनं कापलं ती दलंल."

इथे सुनंदा घुटमळली. हळदीच्या जात्याला सवाष्णी बसतात. मोकलबाई कुमारिका, साठीच्या उंबरठ्यावरच्या. बाईंनाही ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "आजी, मी बसून चालत नाही."

"मना ठावं हाय काय चालतं त्ये," आजी म्हणाली. "बस."

बाई बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लग्नाच्या जात्याचा खुंटा धरला. आजी घशातल्या घशात ओळ पुटपुटे आणि काठी टेकवी. बाई हळकुंडं दळत, पाच फेरे होत, आजी पुन्हा काठी टेकवी, आणि बाजूला ठेवलेला रेकॉर्डर ते दोन ठोके टिपून घेई. मग तेल. मग तांदूळ. मग नारळ, तो रोज खरोखरीचा फोडला जाई आणि सुनंदाच्या घरी रोज नारळाची आमटी होई. पाच दिवसांत चोपन्न जागा भरल्या. काही जागांना आजी दमून डोळे मिटून बसे, तेव्हा ठोका आला की डुलकी लागली हे कळत नसे. बाई ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घेत.

संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन त्या वहीतल्या हुकमाने प्रत्येक जागी तेवढी शांतता घालत. सहाव्या दिवशी सगळं जोडून त्यांनी आजीला ऐकवलं, तेव्हा मीही होतो. पहिली ओळ झाली, मोकळी जागा आली, आणि आजी दचकली.

"हितं कोन मेलं?"

मला कळेना. बाईंना कळलं. मशीनची शांतता म्हणजे शून्य. त्या शांततेत हवा नसते, भिंती नसतात. आवाज एकदम विहिरीत पडल्यासारखा वाटतो.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "ह्यात घर नाही."

त्याच दुपारी ज्या खोलीत मुलाने आईला बसवलं होतं त्याच खोलीत बाईंनी आजीला बसवलं, दार लावलं, रेकॉर्डर मध्ये ठेवला आणि एक बोट वर केलं. बोट वर म्हणजे कोणी बोलायचं नाही. मी दाराशी उभा होतो. बाहेर माडावर कावळा होता. दूर कोणाच्या तरी होडीचं इंजिन सुरू होऊन बंद पडलं. सुनंदाने विचारलं होतं, कावळ्याला हाकलू का, तर बाई म्हणाल्या होत्या, राहू दे. आजी खुर्चीत बसून श्वास घेत होती, जरासा घरघरता. बाईंचं बोट वरच होतं. एवढा वेळ काही न करता बसलेल्या मोकलबाई मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती.

त्या अकरा मिनिटांतून, काही भाग पुन्हा पुन्हा घेऊन, त्यांनी चोपन्न तुकडे काढले आणि जागोजागी बसवले. मूळ जे गेलं ते गेलंच, हे त्यांनी आजीला स्पष्ट सांगितलं. आजी ते ऐकून म्हणाली, "माझा आवाज तवाचा, दम आताचा. चालंल."

हळदीच्या दिवशी मांडवात दोन मोठे स्पीकर आले. सुनंदाच्या दिरांनी शेवटी डीजेवाला बोलावलाच होता, नंतरच्या नाचासाठी. पांढरा शर्ट घातलेला, कुरूळचा हसतमुख माणूस. धवल्याचा पेनड्राइव्ह त्याच्याकडेच दिला होता. आजी खुर्चीत, रोशनी पाटावर. जात्याला चार सवाष्णी बसल्या होत्या, आणि आजीने काठीने खूण केल्यावर कोणी काही बोलायच्या आत पाचवी जागा मोकलबाईंना झाली. पहिली हळकुंडं त्यांनी दळली. एक म्हातारी नाक मुरडून उठली, तिची जागा दुसरीने घेतली, जातं काही थांबलं नाही. मग बाई उठल्या आणि कामावर असल्यासारख्या स्पीकरच्या टेबलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

धवला चालला होता. ओळ, मग जातं. ओळ, मग बांगड्या. कुठेही घाई नाही. रोशनीला तेल लागलं, हळद चढली. मी मांडवाच्या कडेला, स्पीकरच्या टेबलाशीच उभा होतो.

मग ती सगळ्यात लांब जागा आली, सव्वा मिनिटाची. तिथे नवरीची आई तिच्या तोंडावरून हात फिरवते आणि कोणी काही बोलत नाही. सुनंदा पुढे झाली. मांडव गप झाला. स्पीकरमधून काही येईना. डीजेवाल्याला वाटलं, संपलं, नाहीतर अडकलं. तो पुढचं बटण दाबायला वाकला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"अहो, बंद पडलंय," तो कुजबुजला.

"बंद नाही. कान लाव."

त्याने कान लावला. मीही लावला. स्पीकरमध्ये कुठेतरी खोल एक कावळा ओरडला, आणि त्यामागे धर्मीआजीचा घरघरता श्वास येत होता, जात होता. समोर खुर्चीत खरी आजी डोळे मिटून बसली होती.

"लाइन चालू आहे," बाई म्हणाल्या.

पुढच्याच वर्षी आजी गेली आणि त्यानंतर काही महिन्यांनी बाई भाचीकडे पनवेलला राहायला गेल्या. पुढे हिवाळ्यात तिथेच वारल्या. तोवर फोनवर आमचं बोलणं व्हायचं, तेही मोजून. पण मला बाई आठवतात त्या मांडवातल्याच. सव्वा मिनिट संपून पुढची ओळ सुरू होईपर्यंत त्यांनी त्या माणसाचं मनगट सोडलं नाही. सोडलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या बाहीवर पाच बोटं पिवळी उमटली होती.